सहाव्या मैलाचा रमणा

पुलगावात मला राहायला खोली मिळाली ती गवतामुळे. ऐकणाऱ्याला वाटतं मी थट्टा करतो, पण खरंच तसं झालं.

नगरपालिकेच्या शाळेत मी नवा मास्तर लागलो होतो. वय बावीस. माझं गाव तसं जवळच, पुलगावहून आर्वीकडे जाणाऱ्या छोट्या लाइनीवर. पण गाडी दिवसातून दोनदा, आणि तीही तिच्या मर्जीनं, म्हणून शहरात खोली घेणं भाग होतं. तीन आठवडे हिंडलो. खोल्या रिकाम्या असायच्या. बोलणं भाड्यापर्यंत नीट जायचं, मग घरमालक आडनाव विचारायचा, आणि ते ऐकल्यावर त्याला एकाएकी आठवायचं की त्याचा साळा बिऱ्हाड घेऊन येणार आहे. त्या महिन्यात पुलगावात फार साळे येणार होते.

स्टेशनाच्या पलीकडे एका कौलारू घराच्या ओसरीवर एक म्हातारे गृहस्थ सूप घेऊन काहीतरी निवडत बसले होते. मला वाटलं तांदूळ. जवळ गेलो तर सुपात वाळलेलं गवत. मी खोलीचं विचारलं. त्यांनी मान वर न करता गाव विचारलं. मी सांगितलं.

"म्हणजे सहावा मैल," ते म्हणाले. "तिथला रमणा पाहिला आहे का?"

रमणा म्हणजे गावचं गवती रान, मालगुजाराच्या, म्हणजे जुन्या जमीनदाराच्या वेळेपासून राखलेलं. आमचा रमणा लाइनीला लागूनच आहे. मी म्हणालो, पाहिला काय, त्यातच वाढलो. माझी माय तिथं गवत कापते आणि बाजाराच्या दिवशी भारे पुलगावात आणून विकते.

आता त्यांनी मान वर केली. "मग सांगा, तिथं काय काय उगवतं."

मी सांगत गेलो. पवन्या, मारवेल, शेडा, मुशान, तिखाडी, कुंदा, हरळी, कुसळी. लहानपणी मायच्या मागं भारे वाहिले होते, त्यामुळे नावं तोंडात होती. मध्येच बरबडा म्हणालो तेव्हा त्यांनी हात वर केला. तो गवत नाही, म्हणाले, तो शेंग धरतो. पण असू द्या, जनावर खातं. नावं संपली तशी ते आत तोंड करून म्हणाले, "अहो, खोली दिली."

भाडं नंतर ठरलं. आडनाव त्यांनी मला चार महिन्यांनी विचारलं, तेही पोस्टमन पत्र घेऊन दारात उभा होता म्हणून.

ते रेल्वेतून निवृत्त झालेले होते. छोट्या लाइनीवर रूळ तपासत तीस वर्षं रोज पायी चाललेले. रुळावर काम करणारी माणसं त्यांना बाबूजी म्हणत, तेच नाव गावात चालू राहिलं. मीही तेच म्हणत असे. तीस वर्षं रुळाखालच्या लाकडी स्लीपरांवरून चालून त्यांचं पाऊल कायमचं मापात बसलं होतं. बाजारात जातानाही ते एकसारखी आखूड पावलं टाकत, आणि वाटेत चिखल आला तर पाऊल लांब न करता सरळ चिखलात ठेवत. गावांची नावं त्यांना आठवत नसत, मैल आठवत. कुणाच्या लग्नाचं आवतन आलं तर आधी विचारत, "मुलगी कितव्या मैलाची?"

रुळाच्या कडेचं गवत पाहता पाहता त्यांना त्याचं वेड लागलं. लाकडी खोक्याच्या पट्ट्या ठोकून त्यांनी एक हातभर लांबी-रुंदीची चौकट बनवली होती. ती काखेत मारून ते माळावर जात, कुठंतरी भुईवर ठेवत, पोत्याच्या तुकड्यावर गुडघे टेकत आणि चौकटीच्या आत जेवढी रोपटी दिसतील तेवढी वहीत उतरवत. नाव माहीत असेल तर नाव, नसेल तर चित्र. काही लोकांना वाटे की मालगुजाराच्या काळातलं पुरलेलं सोनं शोधताहेत. पानठेल्यावर एकानं मला हळूच विचारलंही, की मास्तर, म्हाताऱ्याले काही गवसलं का. मी हो म्हणालो, काल दुधाळ पानांचं एक गवसलं. तो माझ्यावर रागावला.

घरात गवत कुठंही सापडे. रेल्वेच्या जुन्या वेळापत्रकांच्या पानापानांत काड्या दाबून ठेवलेल्या असत. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, म्हणत, "घरात म्हैस नाही, गाय नाही, अन् गवत मात्र उतरंडीपर्यंत." त्या हे बोलताना कधी हसत नसत, आणि एक काडीही कधी फेकत नसत.

छपरावर त्यांनी बिस्किटांचा सरळ उभा डबा ठेवला होता. पावसाळ्यात रोज सकाळी शिडी लावून वर चढत, डब्यात फूटपट्टी बुडवत आणि पाणी किती ते वहीत लिहीत. कोरडा दिवस असला तरी चढत आणि शून्य लिहीत. इथूनच दिसतं की पाऊस पडला नाही, मग चढता कशाला, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले की पाऊस किती पडला याला काही अर्थ नाही, कोणत्या दिवशी पडला आणि कोणत्या दिवशी नाही पडला, याला आहे. गवत बेरीज वाचत नाही, तारखा वाचतं.

मी तिथं राहायला लागल्यावर माय बाजाराच्या दिवशी भारे विकून माझ्याकडे येऊ लागली. पहिल्या खेपेला ती ओसरीच्या खालच्या पायरीवर बसली. काकूंनी तिला चहा दिला तो कान तुटलेल्या कपात. तो कप कोनाड्यात वेगळा ठेवलेला मी आधी पाहिला होता आणि कशासाठी आहे तेही ओळखलं होतं. बाबूजींना चहा पितळी पेल्यात होता. मी उंबऱ्याजवळ उभा होतो. मी त्या कपाकडे बघत होतो.

बाबूजींचं तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी दोन काड्या मायच्या पुढं धरल्या होत्या. त्यांचं म्हणणं, दोन्ही एकच गवत, एक कोवळं आणि एक निबर. माय मान हलवत होती.

"हे सांदीत होते, ते उघड्यावर होते," ती म्हणाली. "याले बैल खाते, त्याले नाई खात. मंग एक कसं म्हनता, बाबूजी?"

बाबूजी काड्यांकडे टक लावून बघत राहिले. बघता बघता त्यांनी हात लांब केला, मायच्या पुढचा कान तुटलेला कप उचलला आणि त्यातला चहा पिऊन टाकला. मायचा हात हवेतच राहिला. काकू दारात उभ्या होत्या. बाबूजींनी कप खाली ठेवला, दोन असतील, तुमचं बरोबर दिसतं, असं म्हणाले आणि काकूंना सांगितलं की बाईंचा चहा राहिला आहे.

काकूंनी आधी त्या कपाकडे पाहिलं. मग आत गेल्या आणि पितळी पेल्यात चहा घेऊन आल्या. त्यानंतर तो कप मी कोनाड्यात पाहिला नाही. हे विसरभोळेपणानं झालं की मुद्दाम, ते मला आजही सांगता येत नाही. एवढं मात्र खरं की चहाच्या बाबतीत बाबूजी एरवी कधी विसरत नसत.

तेव्हापासून माय ओसरीवर बसू लागली आणि बाबूजींच्या वहीत तिनं सांगितलेली नावं येऊ लागली. ज्या दसऱ्याला आमची सगळी वस्ती नागपूरला गेली, धम्म घेतला, त्यानंतर ती आली ती पांढऱ्या लुगड्यात. चेहरा धुतल्यासारखा झाला होता. काकूंनी तिला तिथलं सगळं विचारून घेतलं, किती माणसं होती, कुठं झोपलात, काय खाल्लं. बाबूजींनी शेवटी एकच विचारलं, की एवढी माणसं उभी राहिली त्या जागेवर गवत कोणतं होतं.

"आमी पायाखाली पाहाले गेलतो का, बाबूजी?" माय म्हणाली. "आमी वरतं पाहून राह्यलो होतो."

 दुसऱ्या दिवशी सकाळी बाबूजी मला म्हणाले, "माझा प्रश्न चुकीचा होता." आपण चुकलो हे त्यांना एक रात्र गेल्यावर कळत असे, आणि कळलं की ते सांगून टाकत. त्यांच्या या सवयीची खरी परीक्षा पुढं महिन्याभरातच झाली.

मालगुजारी गेल्यावर आमच्या रमण्याला धनी उरला नव्हता. आधी मालगुजाराचा राखणदार असे, जनावरं मोजून आत सोडी. आता ज्याच्या मनात येईल तो गुरं घालू लागला. गावाकडच्या बाजूला रोज शेकडो खूर फिरत. तिथं मुरूम उघडा पडला आणि तरोटा माजला. तरोट्याला जनावर तोंड लावत नाही, त्यामुळे तो वाढतच जातो. बाबूजींना हे पाहवेना. त्यांनी आमच्या गावच्या पंचायतीकडून लाइनीलगतचा एकरभर तुकडा मागून घेतला आणि पेन्शनीतून काटेरी तार आणून त्याला कुंपण घातलं. मी खोली घेतली त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट.

त्या कुंपणाच्या आत तीन वर्षं गुरू गेलं नाही, विळा गेला नाही आणि बाबूजीही गेले नाहीत. आपणच पाय ठेवला तर गुरांनी काय पाप केलं, असं ते म्हणत. दर रविवारी सकाळच्या गाडीनं जायचे, तारेबाहेर उभे राहायचे आणि बघायचे. आत पवन्या कमरेच्या वर गेला होता. वारा आला की सगळा तुकडा एका बाजूला कलायचा आणि पुन्हा उभा राहायचा. बाहेर तरोटा आणि आत हे. जो बघेल तो तारेपाशीच खिळून राही. दिवाळीनंतर तहसिलीतले एक साहेब दौऱ्यावर आले होते. बाबूजींनी त्यांनाही तारेपाशी उभं केलं. साहेबांनी रुमालानं घाम पुसला आणि म्हणाले की सगळाच रमणा असा झाला पाहिजे.

आठ दिवसांत पंचायतीनं ठराव केला. पुढच्या पावसाळ्यापासून पाच वर्षं सगळा रमणा बंद. गुरं नाहीत आणि गवत कापणंही नाही. हा ठराव मागणाऱ्या अर्जावर सही बाबूजींची होती. त्यांनी आळीत पेढे वाटले. मीही एक खाल्ला.

दुसऱ्या दिवशी माय आली. बाजाराचा दिवस नव्हता. ती ओसरीवर न थांबता सरळ माझ्या खोलीत आली आणि दार लोटून घेतलं.

"पाच साल मी काय कापू, ते मले सांग," ती म्हणाली. "अन् सोमाजीच्या गाई काय खातीन?"

सोमाजी हा आमच्या रमण्याच्या पलीकडच्या टोकाला राहणारा गवळी. त्याच्याकडे चाळीसेक पांढऱ्या गवळाऊ गाई होत्या, आणि त्याच्या बापानं आणि आज्यानंही तिथंच गाई राखल्या होत्या. माय आणि तिच्यासारख्या दहाबारा बाया गवत कापत. रमणा बंद म्हणजे या सगळ्यांचं जगणं बंद. पंचायतीत यांच्यापैकी कोणी नव्हतं, म्हणून कोणी विचारलंही नव्हतं.

मी तीन दिवस गप्प राहिलो. हे लिहिताना मला बरं वाटत नाही, पण राहिलो. ज्या माणसानं आडनाव न विचारता खोली दिली त्याला तोंडावर काय सांगायचं, आणि सांगितल्यावर ट्रंक उचलून कुठं जायचं, हेच डोक्यात घोळत होतं. चौथ्या दिवशी सकाळी ते शिडीवरून उतरत होते, तेव्हा सांगितलं. ते म्हणाले की पाच वर्षांनी तुमच्या आईला दुप्पट भारे मिळतील. मी म्हणालो की पोट पाच वर्षांनी नाही, रोज लागतं. त्यांचा चेहरा लाल झाला. दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. मी ट्रंकेत कपडे भरून ठेवले.

तिसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन ते म्हणाले, "तुमच्या आईला जे म्हणायचं आहे ते तिनं मला रमण्यात येऊन दाखवावं."

रविवारी आम्ही गेलो. माय आणि सोमाजी कुंपणापाशी उभेच होते. सोमाजी फार कमी बोलणारा माणूस. त्यानं रामराम केला आणि काठीवर हनुवटी टेकून उभा राहिला. माय म्हणाली, आत चला, अन् तुमची चौकट ठेवा. बाबूजी म्हणाले की आत मी जात नाही.

"काऊन?" मायनं विचारलं. "देव आहे का आत?"

 उत्तराची वाट न बघता मायनं तार वर उचलली, वाकली आणि आत गेली. मग बाबूजीही गेले.

बाहेरून जे हिरवंसोनेरी दिसत होतं त्याच्या पोटात शिरल्यावर पायाखाली मऊ लागलं. तीन वर्षांचं वाळलेलं गवत एकावर एक पडून कुजत होतं. बाबूजींनी पवन्या दोन्ही हातांनी बाजूला केला आणि चौकट ठेवली. बराच वेळ ते वाकून राहिले. वहीत एक नाव लिहिलं. चौकट उचलून दुसरीकडे ठेवली, तिसरीकडे ठेवली. पवन्या, पुन्हा पवन्या, कुठं एखादा शेडा, आणि एक वेल, ऊन शोधत शोधत पिवळी पडलेली. त्यांनी सगळा तुकडा पालथा घातला. मारवेल नव्हता. मुशान नव्हतं. बरबड्याचं नाव नव्हतं.

मग आम्ही सोमाजीच्या बाजूला गेलो. तिथलं गवत दिसायला काहीच नव्हतं, कुठं घोट्याएवढं, कुठं गुडघ्याएवढं, ठिकठिकाणी खाल्लेलं. बाबूजींनी चौकट ठेवली आणि लिहायला लागले. लिहितच राहिले. पान भरलं, उलटलं. दोनदा त्यांनी काडी मायच्या पुढं धरून नाव विचारलं. एकदा सोमाजीला विचारलं.

माय त्यांच्या शेजारी उकिडवी बसली आणि सांगू लागली. "गुरानं वरतं खाल्लं का खालच्याले ऊन भेटते. आमी कापतो, ते बी तसंच. पन रोज रोज एकाच जागी खाल्लं, का मंग तरोटा."

"रोज एका जागी नाही, तर मग किती दिवसांनी?" बाबूजींनी विचारलं.

याचं उत्तर सोमाजीनं दिलं. त्या दिवशीचं त्याचं तेवढंच बोलणं मला आठवतं. "गाईच्या खुराचा ठसा बुजल्याबिगर मी तिथं परत नाई नेत."

बाबूजी पोत्याचा तुकडा न अंथरता तसेच खाली बसले. ऊन डोक्यावर आलं होतं. थोड्या वेळानं, कुणाला उद्देशून नाही, असं ते म्हणाले, "तीन वर्षं मी बाहेर उभा राहून उंची पाहत होतो."

परतीच्या गाडीत ते वही चाळत होते. पुलगाव आलं तेव्हा मला म्हणाले की ट्रंक रिकामी करून टाका, कपड्यांना घड्या पडतात.

पंचायतीची पुढची बैठक चावडीवर भरली. बाबूजी उभे राहिले आणि म्हणाले की अर्ज मी दिला होता, तो चुकीचा होता. कुंपणाच्या आत गवत उंच झालं, पण एकाच जातीचं झालं. बाकीचं त्याच्याखाली मेलं. लोक हसायला लागले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं कोणीतरी मागून म्हणालं. सरपंचाला मात्र हसू आलं नाही. साहेबांनी त्याची पाठ थोपटली होती.

"कालपावतर तुमीच बंद करा म्हनत होते," तो म्हणाला. "आता आमी साहेबाले काय तोंड दाखवाचं?"

"माझं दाखवा," बाबूजी म्हणाले. "सही माझी आहे."

मग त्यांनी खिशातून कागद काढला. त्यावर रमण्याचे तीन भाग पाडलेले होते आणि कोणत्या भागात गुरं कोणत्या नक्षत्रापर्यंत जायची, कोणता भाग बी पडेपर्यंत राखायचा, आणि दरवर्षी हा क्रम कसा फिरवायचा, हे रेल्वेच्या वेळापत्रकासारखं आखलेलं होतं. आखणी त्यांची होती, पण त्यातलं सगळं सोमाजीचं आणि मायचं होतं, आणि तसं त्यांनी भर बैठकीत सांगितलं. माय चावडीबाहेर भिंतीला टेकून उभी होती. आत बसायची रीत नव्हती. बाबूजी बोलता बोलता थांबले आणि भिंतीकडे वळून म्हणाले, "बाई, माझं काही राहिलं का?"

सगळ्या माना तिकडे वळल्या. मायनं पदर सावरला.

"गवताले बी टाकू द्या, मंग कापा, मंग चारा," ती म्हणाली. "मागल्या लोकायनं हेच केलं."

एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं मान डोलावली. त्याच्या पाठोपाठ आणखी दोघांनी. सरपंच म्हणाला की ठीक आहे, एक साल पाहू. बिघडलं तर पुन्हा बंद. कुंपण बाबूजींनी स्वतःच्या हातानं सोडवलं. हातांना ओरखडे पडले. तारेचं भेंडोळं घरी आणलं तेव्हा काकू म्हणाल्या, "गवत कमी होतं म्हणून हे."

आणि नेमकं तेच साल कोरडं निघालं.

मृग बरा गेला. आर्द्रा अर्धवट, आणि त्यानंतर आभाळ जे पांढरं झालं ते झालंच. लोकांनी कापूस दुसऱ्यांदा पेरला, तोही करपला. बाबूजी रोज छपरावर चढत होते आणि शून्य लिहीत होते. डब्यात धूळ साचली होती ती पुसून पुन्हा ठेवत होते. गावात कुजबूज सुरू झाली की रमणा बंद ठेवला असता तर निदान गवत उभं राहिलं असतं. मायनं हे मला सांगितलं. मी बाबूजींना सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असावं. त्या दिवसांत ते जेवताना मध्येच हात थांबवून बसत.

पुष्य संपता संपता आम्ही रमण्यात गेलो. मी मन घट्ट करूनच गेलो होतो. आधी लाइनीलगतचा जुना कुंपणाचा तुकडा लागला. तिथला पवन्या हातभर वाढून तसाच वाळला होता, आणि त्याच्या जोडीला दुसरं काहीच नव्हतं. पुढं गेलो. उतारावरचं मुलायम गवत गेलं होतं, पण मुरमात शेडा उभा होता, त्याची मुळं खोल असतात. उघड्या पडलेल्या जागेत बरबडा पसरला होता, त्याला दोन सरी पुरल्या होत्या. सोमाजीच्या गाई त्यावर होत्या. उत्तरा नक्षत्रात एकदाचा पाऊस आला तेव्हा खोलगट भागात मुशान उठलं, जे आधी कुठं दिसतही नव्हतं. पहिल्या पावसाचं गवत वेगळं होतं, उन्हाचं वेगळं होतं, आणि उशिराच्या पावसाचं आणखी वेगळं. एक गेलं तिथं दुसरं होतं.

कमी होतं, हे खरं. माय म्हणाली की दोन भाऱ्यांच्या ठिकाणी एकच भारा झाला. पण झाला. सोमाजीला गाई घेऊन दूरच्या जंगलात जावं लागलं नाही. आजूबाजूच्या गावांतले गवळी त्या साली गेले.

बाबूजींनी त्यावर कुठंही मिरवलं नाही. मी म्हणालो की तुमचं खरं ठरलं. ते म्हणाले की माझं नाही, माझं तर खोटं ठरून चुकलं आहे. मग म्हणाले, "पाऊस आपल्या हातात नाही, मास्तर. त्याची वाट बघणारी गवतं किती ठेवायची, ते आहे."

पंचायतीत ठरावाचं नाव पुन्हा निघालं नाही. पुढच्या उन्हाळ्यात सरपंचानं आपणहून बाबूजींना निरोप पाठवला की यंदाचं वेळापत्रक घेऊन या.

त्यानंतरच्या पावसाळ्यात मी, माय आणि बाबूजी रमण्यात गेलो होतो. राखलेल्या भागात, मारवेलाच्या दोन झुबक्यांच्या मध्ये, एक वीतभर उंचीचं रोप होतं. बारीक पानं, आणि टोकाला फिकट जांभळी फुलं, तांदळाच्या कणीएवढी. बाबूजींनी मायला विचारलं. मायनं पान चुरगळून हुंगलं आणि मान हलवली. सोमाजीला हाक मारली. तोही येऊन वाकला, त्यालाही माहीत नव्हतं. तीन म्हातारी डोकी त्या एवढ्याशा रोपावर जवळजवळ एकमेकांना लागली होती. बाबूजींनी चित्र काढलं. पहिलं मनासारखं जमलं नाही म्हणून दुसऱ्यांदा काढलं. मायनं शेजारी एक काडी रोवली, की कोणाचा पाय पडू नये.

आठच दिवसांनी सोमाजीचा निरोप आला. रोप गाईनं खाल्लं होतं. गाय चुकून राखलेल्या भागात शिरली होती, आणि त्यासाठी तो माफी मागत होता. मला वाईट वाटलं. बाबूजी हसले, इतके हसले की डोळे पुसावे लागले. चविष्ट असलं पाहिजे, म्हणाले, आणि वहीत त्या चित्राखाली लिहिलं, 'गाय खाते.'

पुढच्या वर्षी माझी बदली हिंगणघाटला झाली. श्रावणात मला त्यांचं पोस्टकार्ड आलं. अक्षर नेहमीसारखं, स्लीपर टाकल्यासारखं सारख्या अंतराचं. प्रकृतीचं काही नाही, पावसाचं दोन ओळींत, आणि काकूंनी सांगितलेलं एक वाक्य की थंडीच्या आधी रजई घेऊन जा. त्याच्या खाली, कार्डात जागा उरली नव्हती म्हणून काठाकाठानं आडवं लिहिलं होतं. ते रोप यंदा दोन ठिकाणी उगवलं आहे. तुमच्या आईनं पाहिलं. नाव अजून कुणालाच सांगता येत नाही.